साडेनऊ कोटांची टोपी

टोपी आली ती गल्लीत मावेना.

टेम्पोवाल्याने आधी सरळ आत घुसायचा प्रयत्न केला, मग मागे जाऊन उलटा आला, मग खाली उतरून डोकं खाजवत उभा राहिला. टेम्पो आरामात येत होता, अडत होतं ते त्यावर चढवलेलं सामान. लखलखीत स्टीलच्या त्या भल्यामोठ्या छपराची एक कड डाव्या भिंतीला खरवडत होती आणि दुसरी उजवीकडच्या चष्मेवाल्याच्या पाटीला. छपराला खाली चार पाय होते, पायांना जाळी होती, आणि त्या जाळीच्या आत, तंबूत बसावं तसा, पत्रेवाला मांडी घालून बिस्किटं खात बसला होता.

टाचणी तेव्हा दुकानाच्या दारात उजेडाला बसून एका कोटाला अस्तर टाचत होती. तोंडात नेहमीसारख्या सात-आठ टाचण्या. या सवयीमुळेच वडिलांनी तिला हे नाव दिलं होतं, आणि आता केसांत पांढरी रेघ आली तरी तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. तिने टेम्पोवरच्या वस्तूकडे पाहिलं. मग मान मागे टाकून घराच्या कौलांवरच्या धुराड्याकडे पाहिलं. पुन्हा टेम्पोकडे पाहिलं. आणि तिच्या पोटातून हसू असं उसळून वर आलं की तिला ओठ घट्ट आवळून धरावे लागले. तोंडात टाचण्या असताना हसायचं नाही, हा वडिलांनी शिकवलेला पहिला धडा होता. धागा ओवायला ती त्यानंतर शिकली होती.

"बाई," पत्रेवाला जाळीतून म्हणाला, "मास्तरांना बोलवा. दोघांनाही."

दोघांनाही. या घरात हे वाक्य बोलायला फार सोपं होतं.

घर एक होतं आणि दारं दोन. वडिलांच्या मागे त्यांच्या तीन पाखांच्या आरशावरून टाचणीचे दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, भांडले, ते असे भांडले की आरसा दोघांपैकी कोणालाच मिळाला नाही, तो दुकानात मधोमध राहिला, आणि घराच्या मधोमध भिंत आली. भिंतीची रेघ वर गेली ती नेमकी धुराड्याच्या मधून. धुराडं तेवढं कापता आलं नाही. दोन्हीकडच्या चुली पाठीला पाठ लावून होत्या आणि दोन्हींचा धूर एकाच नळीतून वर जाई. त्यामुळे झालं असं की भावाभावांचं बोलणं बंद पडलं, पण रोज सकाळी चुली पेटण्याआधी मोठी वहिनी आणि छोटी वहिनी आपापल्या चुलीत डोकं घालून मनसोक्त गप्पा मारत. त्यासाठी दोघींनीही केसांना बांधायला वेगळी फडकी ठेवली होती.

दुकान मात्र बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं. थोरला पुढे गिऱ्हाइकाचं माप घ्यायचा, धाकटा मागे मोठ्या टेबलावर कापड कापायचा, आणि मध्ये मशीनवर टाचणी. थोरला माप म्हणायचा ते टाचणीला उद्देशून, टाचणी ते मागे म्हणायची, आणि धाकट्याचा खडू कापडावर चालायला लागायचा. दोघं भाऊ एकमेकांना पाहत ते फक्त आरशात, आणि तेही चुकून.

या सगळ्यात टाचणीने स्वतःसाठी एक नियम घालून घेतला होता. निरोपात आपलं काही घालायचं नाही, निरोपातलं काही गाळायचं नाही, आणि निरोप काय आहे याचा विचार तर मुळीच करायचा नाही. विचार करायला लागली असती तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेड लागलं असतं.

टोपीची भानगड गेल्या पावसाळ्यात सुरू झाली. उघड्या धुराड्यातून पाऊस सरळ खाली यायचा आणि दोन्ही चुली एकदम विझवायचा. पाऊस थांबला तसं पक्ष्यांच्या एका जोडप्याने आत घरटं केलं, आणि धूर वर जायचा सोडून दोन्ही घरांत, तिथून दुकानात, दुकानातून टांगलेल्या कोटांत शिरायला लागला. एका गिऱ्हाइकाने नवा कोरा कोट परत आणून दिला. कोट छान बसतो, तो म्हणाला, पण कार्यालयात शेजारचा माणूस विचारतो की आगीतून काय काय वाचलं.

तेव्हा पत्रेवाल्याला विचारलं. पत्रेवाला म्हणाला, तीन कोट.

या घरात मोठा खर्च पैशांत मोजत नसत, कोटांत मोजत. एका कोटाची शिलाई म्हणजे एक कोट. वडिलांनी पहिलं मशीन घेतलं ते बावीस कोटांचं, मधली भिंत घातली ती चौदा कोटांची. कुटुंबाशी जुना संबंध असल्याने पत्रेवालाही आता याच हिशोबात बोलायचा. दोन कोट पत्र्याचे, एक मजुरीचा. टोपी धुराड्यावर गच्च बसत नाही, त्याने समजावलं, ती पायांवर जराशी उंच उभी राहते. वरून पाऊस अडतो, बाजूने धूर सुटतो आणि जाळीमुळे पाखरं बाहेर राहतात. टाचणीला हे ऐकून बरं वाटलं होतं. चहूबाजूंनी उघडं राहूनही आतल्या माणसांना कोरडं ठेवणारी वस्तू तिने या घरात तरी पाहिली नव्हती.

तीन कोट कोणी किती द्यायचे यावर महिना गेला. धाकट्याचं म्हणणं, थोरल्याची चूल पहाटेपासून पेटते, आपली दोन वेळच. धुराच्या हिशोबाने थोरल्याने दोन द्यावेत. थोरल्याचं म्हणणं, टोपी धुरासाठी नाहीच, पावसासाठी आहे. वारा धाकट्याच्या अंगाने येतो, म्हणजे पाऊस त्याच्या हद्दीतून शिरतो, तेव्हा दोन त्याने द्यावेत. ही सगळी वकिली टाचणीच्या तोंडून चालली. एकदा तर थोरल्याने निरोप पाठवला की आपण फक्त आपल्या अर्ध्यावर टोपी बसवतो. धाकट्याचा उलट निरोप आला की खुशाल बसव, पण कोणत्या बाजूने वर जायचं हे धुराला समजावून सांगायला तूच चढ.

शेवटी जावांनी चुलीत डोकी घालून मार्ग काढला. प्रत्येकीने आपल्या नवऱ्याला सांगितलं की पलीकडचा दोन द्यायला कबूल झालाय, पण आपण मोठ्या मनाने दीडच घ्यावेत. दोघांनीही मोठं मन दाखवलं. पुढचे दोन दिवस दोघंही छाती काढून फिरत होते.

माप थोरल्याने घेतलं, कारण माप तोच घेतो. गळ्यात टेप घालून शिडीने कौलांवर गेला, आणि धुराड्याला टेप लावता लावता सवयीने "सरळ उभे राहा" म्हणाला, असं मोठी वहिनी शपथेवर सांगते. खाली येऊन तो टाचणीला म्हणाला, "बत्तीस आणि चव्वेचाळीस." टाचणी मागे म्हणाली, "बत्तीस आणि चव्वेचाळीस." पत्रेवाला धाकट्याचा बुद्धिबळाचा जोडीदार असल्याने काम सांगायला धाकटा गेला. नियमाप्रमाणे टाचणीने याचा काही विचार केला नाही.

विचार करायला तिच्याकडे दुसरंच काहीतरी होतं. इथून बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर मुलींची एक शिवणशाळा होती. तिथल्या मोठ्या बाईंनी टाचणीने केलेली काजं एकदा भिंग लावून पाहिली होती आणि तेव्हापासून तिचा पिच्छा सोडला नव्हता. शिकवायला या, राहायला खोली आहे, खिडकीतून नदी दिसते. दोनदा त्यांनी विचारलं होतं आणि दोनदा टाचणीने नाही म्हटलं होतं. जायचं नव्हतं असं नाही. रात्री डोळे मिटले की ती खिडकी दिसायची. पण ती उठून गेली तर थोरला पुढे माप म्हणेल आणि ते मागे कोण नेईल? पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत दुकान बंद पडेल, आणि दुकान बंद पडलं की या दोघांना एका छपराखाली धरून ठेवणारं काहीच उरणार नाही. आता बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं होतं, आणि हे शेवटचं म्हणून बजावलं होतं. आज पाचच्या आत फोन करायचा होता. टाचणीने हे फक्त छोट्या वहिनीला सांगितलं होतं, म्हणजे अर्थातच मोठ्या वहिनीलाही. फोनवर काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. तेच, दोनदा बोललेलं.

आणि आता टोपी गल्लीत अडकली होती.

पत्रेवाल्याचा आवाज ऐकून थोरला डाव्या दारातून बाहेर आला, गळ्यात टेप. धाकटा उजव्या दारातून आला, हातात कात्री. दोघांनी टोपीकडे पाहिलं. दोघांच्या माना एकाच वेळी वर छपराकडे गेल्या आणि एकाच वेळी खाली आल्या. दोघांच्या मागून दोघी वहिन्या आल्या आणि उंबऱ्यावर थबकल्या. छोट्या वहिनीने पदर तोंडाला लावला.

"टाचणे," थोरला म्हणाला, "त्याला विचार, हे काय आहे."

टाचणीने तोंडाकडे बोट दाखवून मान हलवली.

"टाचणे," धाकटा म्हणाला, "त्याला सांग, त्याच्या मापाची टोपी आहे."

तिने पुन्हा मान हलवली. तिचे खांदे गदगदत होते. दोन्ही हातांनी तिने गुडघ्यावरचं अस्तर धरून ठेवलं होतं, नाहीतर ते घसरलं असतं. टाचण्या काढायला क्षणभर लागला असता. तिने हात उचललाही. तेवढ्यात मोठी वहिनी उंबरा ओलांडून तिच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, ओठ न हलवता, पुटपुटली, "काढू नका हो वन्सं."

टाचणीने हात खाली घेतला.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. "तू विचार त्याला."

"माझं दूध उतू जातंय," मोठी वहिनी म्हणाली आणि जागची हलली नाही.

धाकट्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. "मला यातलं काही कळत नाही हो," छोटी वहिनी पदरातून म्हणाली. शहाण्णव कळीचा झगा एका बैठकीत शिवणारी बाई होती ती.

उरला पत्रेवाला. तो जाळीचं दार बाजूला करून बाहेर आला, कपड्यांवरचा बिस्किटाचा भुगा झटकला आणि दोघांच्या मधोमध, कोणाकडेच न पाहता, बोलायला लागला. चौसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी सांगितलं होतं, चौसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी केलीय. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, म्हणजे पत्रा चौपट. पत्र्याचे आठ कोट झाले. मजुरी त्याने ओळखीखातर दीडच धरली होती. साडेनऊ.

साडेनऊ म्हटल्यावर मोठ्या वहिनीचा चेहरा दूध खरोखरच उतू गेल्यासारखा झाला.

"मी बत्तीस म्हणालो होतो," थोरला हवेला उद्देशून म्हणाला. "बत्तीस आणि चव्वेचाळीस."

"बत्तीसच आलं," धाकटाही हवेलाच म्हणाला. "बत्तीसचं चौसष्ट करूनच द्यायचं असतं ना? आजवर काय करत आलोय?"

आणि मग टाचणीला कळलं. इतकी वर्षं ज्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, ते सगळं एका झटक्यात तिच्यासमोर उलगडलं. टेबलावर कापड दुहेरी घडी घालूनच ठेवतात. म्हणून वडिलांच्या काळापासून दुकानाची रीत होती की माप घेणाऱ्याने निम्मंच म्हणायचं, कापणाऱ्याला मनात भागाकार नको. फक्त झगे, पांघरुणं असल्या एकेरी कापडाच्या कामाला पूर्ण माप लागे, आणि गोंधळ होऊ नये म्हणून कापणारा दर वेळी ओरडून विचारी: घडीवर की उलगडून? दिवसातून शंभर वेळा दुकानात हा प्रश्न ऐकू यायचा. बोलणं बंद झालं तसा प्रश्नही बंद झाला. प्रश्न विचारायचा नाही म्हणून दुकानाने झगे आणि पांघरुणं घेणंही सोडून दिलं. तेव्हापासून थोरल्याकडून आलेलं प्रत्येक माप घडीवरचं होतं आणि धाकट्याने ते न विचारता दुप्पट केलं होतं. आणि थोरल्याच्या दृष्टीने, धुराड्याला कोण घडी घालणार?

टाचण्यांमागून एक चिरका आवाज निघाला. बिघडलेल्या शिट्टीसारखा. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"अहो, मी बोलू का?" पत्रेवाला म्हणाला. "मी काही आंधळेपणाने पत्रा कापला नाही. मला शंका आली होती. दोनदा विचारलं छोट्या मास्तरांना, की एवढी मोठी? तर म्हणाले, माप दादाने घेतलंय. दादाचं माप आजवर चुकलेलं नाही, तू कर."

थोरल्याचे कान लाल झाले. ते लहानपणापासून असेच लाल व्हायचे, कौतुक झालं की आणि चोरी पकडली गेली की, आणि टाचणीला आत्ता यातलं कोणतं ते सांगता आलं नसतं. धाकटा कात्रीच्या पात्यांकडे बघत होता. तो इतका बारकाईने बघत होता की जणू पातं पहिल्यांदाच दिसलंय.

तेवढ्यात टोपीच्या पलीकडून, आतून कुठूनतरी चष्मेवाल्याचा आवाज आला. "अहो, कोणी आहे का बाहेर? संध्याकाळ झाली का? माझ्याकडे गिऱ्हाईक बसलंय, त्यांना अक्षरं दिसेनाशी झालीत."

छोट्या वहिनीचा पदर सुटला. मोठी वहिनी टाचणीच्या खांद्यावर कपाळ टेकून हसायला लागली. टेम्पोवाला हसायला लागला. पत्रेवाल्याने आधी गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण त्याच्या बिस्किटाचा उरलेला तुकडा घशात गेला आणि तो खोकता खोकता हसू लागला. टाचणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ मात्र तिने शिवल्यासारखे मिटून ठेवले होते.

आणि धाकटा वळला. हवेकडे नाही, टाचणीकडे नाही. सरळ थोरल्याकडे.

"तू कधीपासून उलगडून माप द्यायला लागलास रे?"

"तू कधीपासून न विचारता कापायला लागलास?" थोरला म्हणाला.

दोघंही दचकले. शब्द तोंडातून निघून गेले होते आणि मध्ये ते झेलायला कोणी नव्हतं. थोरल्याने सवयीने टाचणीकडे पाहिलं, जणू आता हे तिने पलीकडे सांगावं. ती आपली रडत-हसत मान हलवत राहिली. तिने ते काय सांगायचं? ते तर पोचलं होतं.

"धुराड्याला घडी घालतात का?" थोरल्याने जरा सावरून विचारलं.

"मला काय माहीत? मी धुराड्याचं कापड कधी कापलंय?"

"अरे, पण अक्कल."

"अक्कल वापरली असती तर तुझ्या मापावर शंका घेतली असती ना. ती घ्यायला हवी होती का?"

थोरल्याचे कान आणखी लाल झाले. मग त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं. गालांच्या कडा थरथरल्या. आणि हा गंभीर माणूस, जो गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेतानाही कधी हसला नव्हता, तो भिंतीला हात टेकून असा काही हसत सुटला की त्याच्या गळ्यातला टेप खाली पडला. "सरळ उभे राहा म्हणालो रे मी त्याला," तो कसंबसं म्हणाला. "धुराड्याला."

"म्हणजे खरंच?" धाकटा म्हणाला, आणि तोही गेला.

हसू ओसरल्यावर आठवलं की साडेनऊ कोट अजून तिथेच आहेत.

पण तोपर्यंत धाकट्याची नजर बदलली होती. टाचणीला ती नजर ओळखीची होती. मोठं कापड टेबलावर पसरलं आणि त्यातून काय काय निघेल हे त्याला दिसायला लागलं की तो असा मान तिरपी करून बघायचा. तो टेम्पोवर चढला. खिशातून खडू काढला. "कमी पडलं असतं तर रडलो असतो," तो म्हणाला. "हे तर जास्त आहे." स्टीलवर खडू नीट उमटेना, तेव्हा त्याने थुंकी लावून रेघा ओढल्या. एका कोपऱ्यात चौथा हिस्सा टोपीला. राहिलेल्या तीन हिश्श्यांतून एक लांब पट्टी आणि एक आखूड, जोड मध्ये, शिलाई दिसणार नाही.

"कशाला?" थोरला खालून म्हणाला.

"दारांवर छप्पर. पावसात गिऱ्हाईक भिजतं."

"कोणाच्या दारावर?"

धाकट्याने दोन्ही दारांकडे पाहिलं. दोन दारांच्या मध्ये हातभरही अंतर नव्हतं. "एवढी लांब पट्टी एकाच दारावर बसेल का? अक्कल."

पत्रेवाला म्हणाला, कापून, वाकवून बसवायचा आणखी एक कोट होईल. मग साडेदहाचे वाटे कसे करायचे यावर भावांची जुंपली. धाकटा म्हणे, चूक मापाची. थोरला म्हणे, चूक कात्रीची. छपराला उतार कोणीकडे द्यायचा यावरून तर आवाज इतके चढले की चष्मेवाला, आता उजेडात आल्यामुळे, बाहेर येऊन मध्यस्थी करू लागला आणि दोघांनी मिळून त्याला आत पाठवलं. उतार थोरल्याकडे दिला तर पाणी त्याच्या उंबऱ्यावर पडणार, धाकट्याकडे दिला तर त्याच्या. हे सगळं ते समोरासमोर ओरडत होते. एकमेकांच्या तोंडावर. जावा चुली पेटवायच्या सोडून आपापल्या उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या, आणि मधूनमधून एकमेकींना नुसत्या भुवया उडवून दाखवत होत्या.

टाचणीने दुकानात जाऊन एकेक टाचणी काढून उशीत खोचली. जबडा दुखत होता. तिने फोन उचलला. घड्याळात पाचाला थोडा अवकाश होता. बाहेरून थोरल्याचा आवाज येत होता, "तुला उतार कळतो का, उतार?" आणि धाकट्याचा, "कमरेचा उतार तुझ्यापेक्षा बरा कळतो." किती वर्षांनी तिच्या डोक्यावरून कोणाचा तरी आवाज कोणाकडे तरी जात होता आणि तिला त्याचं काहीच करायचं नव्हतं. मोठ्या बाईंनी फोन घेतला. त्या नाही ऐकायच्या तयारीत होत्या, त्यांनी आधीच सुस्कारा टाकला होता. मग टाचणी बोलली, आणि बाईंचा विश्वासच बसेना, तिला दोनदा सांगावं लागलं.

संध्याकाळी टोपी धुराड्यावर उभी राहिली. बत्तीस बाय चव्वेचाळीस, बरोबर मापाची. दोन्ही चुली एकदम पेटवल्या गेल्या. धूर वर गेला, टोपीखाली क्षणभर घुटमळला आणि बाजूंनी मोकळा झाला. उताराचं मात्र ठरलं नव्हतं, ते उद्यावर गेलं होतं. आरशासमोर चहा घेताना टाचणीने सांगितलं. एकाच वाक्यात सांगितलं, पुढच्या सोमवारी शिवणशाळेत शिकवायला जाणार.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं, आरशात नाही, सरळ. थोरल्याने कप खाली ठेवला. मोठ्या वहिनीचे डोळे भरले होते आणि ती आपली धुरामुळे म्हणाली, पण आज दुकानात धूर नव्हता.

"नदीकाठी आहे ना ते?" थोरल्याने शेवटी विचारलं.

"हो."

"म्हणजे गारठा असणार. तुझा तो जुना कोट कोपरांवर विरलाय." तो उठला. "उठ."

"दादा, माझ्याकडे कोट आहे."

"उठ म्हणतो ना. आणि सरळ उभी राहा."

ती आरशासमोर उभी राहिली. तीन पाखांमध्ये तीन टाचण्या दिसत होत्या, तिघींच्याही तोंडात काही नव्हतं आणि तिघीही हसत होत्या. थोरल्याने गळ्यातला टेप काढून तिच्या खांद्यावर लावला. मागे धाकट्याने टेबलावरचं सगळं एका हाताने बाजूला सारलं आणि फडताळातून ते करडं लोकरी कापड काढलं, जे कोणत्याच गिऱ्हाइकाला त्याने आजवर दाखवलं नव्हतं. टेप तिच्या पाठीवरून पुढे आला. थोरल्याने आकडा वाचला, आणि टाचणीकडे न पाहता, तिच्या डोक्यावरून, मोठ्याने म्हणाला, "छाती एकोणीस."

टाचणीच्या तोंडी सवयीने एकोणीस आलं होतं. तिने ते गिळलं.

मागे खडू कापडावर टेकला आणि थांबला.

"घडीवर," धाकट्याने विचारलं, "की उलगडून?"